हक्कसोड

समतेचा धडा मी चांगला शिकवते, असं आमच्या नव्या जालन्यातल्या शाळेत सगळेच म्हणतात. तपासणीला कुणी साहेब आले की मुख्याध्यापक त्यांना मुद्दाम माझ्याच वर्गावर आणतात. ‘दर्जाची व संधीची समानता’ म्हणताना माझा आवाज आपोआप जरा वर चढतो. पूर्वी मला त्याचा अभिमान होता. आता तो धडा आला की मी मुलांकडून वाचून घेते आणि खिडकीशी उभी राहते.

आठ वर्षांपूर्वी वडील वारले. वर्षश्राद्ध उरकल्यावर धाकटा भाऊ मला मोटरसायकलवर बसवून निबंधक कार्यालयात घेऊन गेला. राजूर रस्त्यावरच्या आमच्या गावातली जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर करायची होती. त्यासाठी मला माझा हिस्सा सोडल्याचं लिहून द्यायचं होतं. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची, भावाने साडी घ्यायची आणि माहेर उघडं राहायचं. आमच्याकडे याला कुणी व्यवहार म्हणत नाही, माया म्हणतात. मलाही ती मायाच वाटली. या भावाला मी कडेवर घेऊन गावभर फिरवलेलं होतं, त्याच्याकडे काय वाटा मागायचा!

सहीच्या आदल्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला होता. ती आमच्याच गावची, बौद्ध वस्तीतली. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. आता ती मंठ्याला नर्स आहे. आडपडदा ठेवून बोलणं तिला कधी जमलं नाही.

“सही करू नको,” ती म्हणाली. “कायद्यानं मिळून राह्यलंय तर सोडती कशाला? पुढं कधी लागलं तर काय करशील?”

मी हसले. “आमच्यात असं नसतं गं,” म्हणाले.

‘आमच्यात’ हा शब्द माझ्या तोंडून किती सहज गेला! तिने तो ऐकला असणारच. ती “बरं” म्हणाली आणि पोरांच्या परीक्षांचं विचारू लागली.

तिच्या आईला मी मावशी म्हणायचे. मावशीची सगळी हयात आमच्या नाल्याकाठच्या वावरात मजुरीने गेली. खुरपणी, वेचणी, सोंगणी, जे असेल ते. आम्ही शाळेतून येताना नाला भरलेला असला की ती अलीकडे येऊन थांबायची. आधी एकीला पाठीवर घेऊन पलीकडे न्यायची, मग दुसरीला. पहिला नंबर नेहमी माझा असायचा. का, ते मी तेव्हा विचारलं नाही. मैत्रिणीनेही विचारलं नाही, आणि मला वाटतं तिला ते माहीत होतं.

या वावराच्या पलीकडच्या टोकाला बौद्ध वस्तीची स्मशानभूमी आहे. तिकडे जायची पायवाट आमच्या बांधावरून होती. वडिलांच्या काळात तिच्यावरून कधी शब्द निघाला नाही. माझी सही झाल्यावर दुसऱ्या वर्षी भावाने तिथे मोसंबी लावली, ठिबक बसवलं, सगळ्या बाजूंनी तारेचं कुंपण घातलं. पायवाट आत गेली आणि वस्तीला मसणवट्यात जायला नाल्यातून वळसा घेणं एवढंच उरलं. पहिल्या उन्हाळ्यात बोअर आटलं तेव्हा रोपांना हंड्याने पाणी घालायला मावशीच होती.

गेल्या भाद्रपदात सकाळीच मैत्रिणीचा फोन आला. “आई गेली. तीन वाजता नेणार. नाल्याला पाणी हाये लई. तू भावाला सांग, एवढ्या एका वेळेला तार सोड म्हणावं.”

“सांगते. तू काळजी करू नको,” मी म्हणाले. किती ठामपणे म्हणाले! शाळेत रजा टाकली, भावाला फोन लावत राहिले. तो उचलेना. मग आठवलं, आज संकष्टी. दर संकष्टीला तो अनवाणी राजूरला जातो, गणपतीचं दर्शन घेऊन दुपारपर्यंत परततो. सडकेने लांब पडतं म्हणून शेताशेतांतून जातो. चार-पाच जणांची वावरं लागतात. आजवर त्याला कुणी अडवलेलं नाही.

मी पोहोचले तेव्हा तो बोअरपाशी पाय धूत होता. कपाळाला शेंदूर होता. मला बघून उठला. “ताई, तू कवा आलीस? बस, चहा सांगतो.”

“चहा राहू दे. फाटक उघड आणि नाल्याकडची तार सोड. अर्ध्या तासाचं काम आहे.”

त्याला काय ते कळलं होतं. तो चिडला नाही. चिडला असता तर मलाही भांडता आलं असतं.

“ताई, बहार धरलाय. दीडदोनशे माणूस आत येईल, ठिबकच्या नळ्या तुटतील.”

“मी उभी राहते. एकेकाला सोडते.”

“नळ्यांचं जाऊ दे. आज एकदा सोडली की कायमची वहिवाट पडती. नकाशात तिथं रस्ता न्हाई, मी बराबर बघून घेतलंय.”

“अरे, ही झाडं मावशीने जगवलीत!”

“मी कुठं न्हाई म्हणतो? वाईट मला बी वाटून राह्यलंय.”

“या वावरात माझाही...” मी सुरू केलं आणि तिथेच थांबले.

“तुझं माहेर हाये ताई,” तो अगदी प्रेमाने म्हणाला. “पर वावराचं तू कशाला मनाला लावून घेती? तू तर मोकळी झालीस.”

बोअरच्या पेटीवर पक्कड पडलेली होती. मी तिच्याकडे दोनदा पाहिलं. दोन तारा कापायला कितीसा वेळ लागतो? पण पुन्हा याचं तोंड कसं बघायचं, सासरी काय सांगायचं, हेच डोक्यात येत राहिलं. माझा मलाच संताप आला आणि त्या संतापाचा काही उपयोग नव्हता. मी वस्तीकडे निघाले.

मैत्रीण दारात उभी होती. माझा चेहरा बघून दोघे-चौघे तार तोडायला उठले, त्यांना तिने हात धरून बसवलं. “आईला नेताना भांडण नको,” म्हणाली. पदर खोचला आणि सगळ्यांच्या पुढे झाली.

आमच्या घरातल्या बाया मसणवट्यात जात नाहीत. मी त्या दिवशी पहिल्यांदा गेले. पाणी कमरेला लागत होतं. माणसांनी मावशीला खांद्यांच्या वर उचलून धरलं होतं. मधोमध एकाचा पाय घसरला, मावशी कलंडली आणि पांढरं कापड एका बाजूने भिजलं. मैत्रिणीच्या तोंडून एवढंच निघालं, “हळू, रे.” लाकडंही त्याच पाण्यातून आणलेली, पेटायला फार वेळ लागला. कुणीतरी त्रिशरण म्हणत होतं. कुंपणाच्या आत मोसंबी लगडलेली होती आणि भाऊ तारेपाशी हात जोडून उभा होता. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला त्याचा रागही पुरता करता येईना.

चिता पेटल्यावर आम्ही दोघी कडेला दगडावर बसलो. ती ओला पदर पिळत होती.

“तू सही केली ते मी आईला सांगितलंच न्हाई,” ती म्हणाली.

“का?”

“काय सांगू? तार ठोकली तवा मी भांडायला निघाल्ते. तिनंच थांबवलं. म्हटली, अर्धं वावर तुझ्या मैत्रिणीचं हाये. मला न्यायच्या वक्ताला ती हाये ना, मंग कशाला भांडती? शेवटपर्यंत हेच धरून होती ती.”

तेवढ्यात भावाने हाक मारली. त्याने पक्कड आणून नाल्याकडची तार सोडली होती, एका मिनिटात. ती बाजूला धरून तो उभा होता.

“ताई, पाण्यातून नको जाऊ परत. गारठशील. इकडून ये.”

बाकीची माणसं नाल्याकडे वळली होती. मी मैत्रिणीकडे पाहिलं.

“जा,” ती म्हणाली. “तुला बोलवून राह्यलाय.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि उठून ती पाण्याकडे चालू लागली.

मी तारेतून गेले. थंडी वाजत होती, दमले होते, भाऊ हात पुढे करून उभा होता, अशी कारणं मी तेव्हापासून गोळा करते आहे. झाडांमधून घराकडे चालताना मागे तार पुन्हा पिळल्याचा आवाज येत होता.