काचेवरची अनुसयाबाई

माझी वर्गमैत्रीण सिंधू पुढे प्राथमिक शाळेत बाई झाली. तिचा बाप रतिलाल तापीकाठचा मोठा केळीवाला. मुलगी झाली म्हणून त्याने अनुसयाबाईला, म्हणजे सिंधूच्या आईला, माहेरी धाडलं आणि दुसरी केली. पुढे तर पहिलं लग्नच नाकारलं. सातवीत सिंधू शाळेच्या कागदावर त्याची सही मागायला गेली, तेव्हा चार माणसांदेखत तो म्हणाला, "मन्हं एकच लगीन झायं. हाई पोर कोन्ही शे, माले काय माहीत." मागे भिंतीवर त्याचा फोटो होता: खुर्चीत तो, शेजारी फुलांची कुंडी. त्या दिवसापासून गावात सिंधूला कोणीही काहीही म्हणायचं.

एकसष्ट साली, आम्ही नववीत असताना, शाळेने नंदुरबारला नेलं. एका जुन्या फोटोवाल्याच्या मुलाने वडिलांचे कॅमेरे आणि काचेच्या जुन्या निगेटिव्ह मांडून संग्रहालय केलं होतं. काचेवर केस पांढरे, तोंडं काळी. आम्ही मुली भुतं म्हणून हसत होतो. सिंधू एका काचेपाशी थांबली ती हलेना. तीच खुर्ची, तोच रतिलाल. कुंडीच्या जागी मात्र डोईवर पदर घेतलेली तिची आई.

फोटोवाल्याचा मुलगा म्हणाला, गिऱ्हाईक सांगेल तसं कागदावर रंगवून द्यावं लागतं, पण काच वडिलांनी कधी खरवडली नाही. सिंधूने सहा प्रती मागितल्या.

त्या तिने सहा वर्षं पेटीत ठेवल्या. एकादशीला देवळात जाताना मी म्हणायचे, सोड आता, देव बघतो. ती म्हणायची, "देवले देखू दे. मी बी देखस."

सदुसष्टात रतिलालच्या दुसऱ्या बायकोच्या मुलाला, गिरधरला, पाहायला पाहुणे आले. पानं वाढली होती. सिंधू मला घेऊन सरळ ओसरीवर गेली, कुंडीचा फोटो उतरवला आणि त्याच खिळ्याला आपला अडकवला.

मुलीचे वडील मोतीलाल यांनी विचारलं, "रतिलालभाई, हाई बाई कोण शे?"

रतिलाल सिंधूला म्हणाला, "काढ ते."

"पहिले तिन्हं नाव सांगा."

सगळ्यांचे हात ताटातच राहिले. शेवटी तो खाली बघत म्हणाला, "मन्ही पहिली बायको. अनुसया."

मोतीलाल पानावरून उठले. सोयरीक तिथेच मोडली.

वाटेत मी म्हटलं, गिरधरचा काय दोष गं?

"मन्हा काय व्हता?" ती म्हणाली. मग सांगितलं की अजून पाच प्रती आहेत, आणि तो मुली बघायला पाच गावं तरी फिरेलच.

देवाला स्मरून लिहिते, मला वाईट वाटलं नाही.

दोन वर्षांनी रतिलाल स्वतः अनुसयाबाईच्या दारात गिरधरची लग्नपत्रिका घेऊन आला. निमंत्रकांत त्याच्या नावाखाली पहिलं नाव तिचं छापलेलं होतं. बाईने ते दोनदा वाचून घेतलं. लग्नाला मात्र ती गेली नाही.