बर्फ रद्द करायचं बटण

आमच्या घाटकोपरच्या ऑफिसात चहाचे कप कोणी वेळेवर धुत नाही आणि किस्से कोणी विसरत नाही, त्यामुळे दोन्हींचा ढीग साचतो. माणसं तीनच: मालकीण मेधाताई, निलेश आणि मी. मोठं काम एकच, मनोरीच्या मच्छीमार सोसायटीसाठी बर्फाचं बुकिंग. बोट निघायच्या आधी फोनवरच्या ब्राउझरमधून बर्फ सांगायचा, बेत बदलला तर रद्द करायचा. हा सीझन ट्रायल होता. पसंत पडलं तर काम आमचं, नाहीतर अंधेरीची एक मोठी कंपनी आपली चकाचक साइट घेऊन टपलेलीच होती. आणि हे काम गेलं असतं तर आमच्या ऑफिसला कुलूप!

*

निलेशने आधी 'रद्द करा' अशी साधी लिंक केली. लिंक दाबली की ब्राउझर सर्व्हरला GET पाठवतो, म्हणजे 'जरा दाखव'. मेधाताई म्हणाली, "अरे, दाखव म्हटल्यावर कोणी पुसून टाकतं का? रद्द करायला DELETE असतं."

"चालतंय ना ताई!"

दुपारी मी तुटलेल्या लिंक शोधणारा प्रोग्राम चालवला. तो बिचारा प्रत्येक लिंक उघडून बघतो. त्याने इमानदारीत सगळ्या उघडल्या. टेस्टिंगची सगळी बुकिंग साफ! वर रिपोर्ट काय आला? "सर्व लिंक उत्तम चालू आहेत."

*

मग निलेशने फॉर्म केला आणि त्याला DELETE पाठवायला सांगितलं. बटण दाबलं, बुकिंग जागच्या जागी. पुन्हा दाबलं, तेच.

मेधाताईने खुर्ची ओढली. "साध्या फॉर्मला दोनच मेथड येतात रे, GET म्हणजे 'दाखव' आणि POST म्हणजे 'हे घे'. तिसरं काही सांगितलंस तर तो तक्रार करत नाही, गुपचूप GET पाठवतो."

"म्हणजे आमचे सासरे!" निलेश म्हणाला. "हो हो म्हणायचं आणि आपलंच करायचं."

तोडगाही तिनेच सांगितला. फॉर्मने POST पाठवायचा, आत एका लपवलेल्या रकान्यात DELETE लिहायचं, आणि सर्व्हरने ते वाचून तसं वागायचं. जुन्यातल्या जुन्या फोनवर चालतं. युक्ती जगजाहीर आहे, पण आम्ही ती नीट बसवली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

*

सोसायटीचे सेक्रेटरी इनासकाका. एकदा त्यांच्या बोटीला दुप्पट बर्फ गेला. मी फोन केला, "काका, दोनदा बुक केलंत का?"

"मी कशाला? मी नुसतं पान रिफ्रेश केलं. फोनने विचारलं, पुन्हा पाठवू का? आता एवढ्या आपुलकीने विचारतोय, तर नाही कसं म्हणू?"

त्याच संध्याकाळपासून बुकिंग झालं रे झालं की आम्ही ब्राउझरला दुसऱ्या पानावर धाडायला लागलो. तिथे कितीही रिफ्रेश करा, नुसतं दर्शन!

*

अंधेरीवाले मनोरीला डेमो द्यायला आले तेव्हा काकांनी मलाही बोलावलं. जेट्टीवर नेटवर्क जेमतेम. त्यांच्या पानावरची बटणं JavaScript च्या जिवावर चालणारी, आणि तो कोड फोनवर उतरता उतरता अर्ध्या वाटेतच अडकला. काकांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. शेवटी फोन परत देत म्हणाले, "बटण झकास आहे हो. दाबायला बरं वाटतं."

*

एका सकाळी वादळाचा इशारा आला. सगळ्या बोटी किनाऱ्यावर. फॅक्टरीतून गाड्या निघायच्या आत बर्फ रद्द झाला नाही तर त्याचं पाणी होणार. आम्ही तिघं लॉगसमोर, म्हणजे सर्व्हरवर काय काय आलं त्याच्या नोंदींसमोर, बसलो. DELETE, DELETE, DELETE... नेटवर्क रडत होतं, लोक दोन-दोनदा दाबत होते, पण एकदा गेलेलं बुकिंग पुन्हा जाऊन जाणार कुठे? एकही गडबड झाली नाही. खरं सांगते, माझा ऊर भरून आला.

निलेश म्हणाला, "लोक धडाधड कॅन्सल करतायत आणि आपण खूश! असा धंदा कुठे बघितलाय?"

*

आता हा शेवटचा किस्सा ऐका. मनोरीकर एव्हाना आमच्या पानावर काहीही लिहायला लागले होते. बोटीच्या रकान्यात 'चर्चचा हॉल', 'साखरपुड्याचं जेवण', आणि बर्फ शून्य! निलेश वैतागायचा. मेधाताई म्हणायची, "लिहू दे रे. घरचं समजतात."

ट्रायल संपत आली. सोसायटीची कमिटी काम कोणाला देणार, काही कळेना. फोन करायची हिंमत तिघांतल्या कोणाचीच नव्हती. सोमवारी सकाळी पानावर एक नवं बुकिंग उगवलं. बोटीचं नाव: 'अंधेरीवाले, सह्या करायला, बारा वाजता'. बर्फ शून्य.

निलेशने हेडफोन काढून ठेवला. माझा चहा गार झाला.

साडेअकराला लॉगमध्ये काकांच्या फोनवरून काहीतरी आलं. POST, आणि आत लपवलेलं DELETE.

मेधाताईने पान रिफ्रेश केलं. बुकिंग नव्हतं. तिने पुन्हा एकदा रिफ्रेश केलं. मग चष्मा पुसत म्हणाली, "मेथड बरोबर वापरली काकांनी."