लाल टिकल्या आणि मागची भिंत

अंबडच्या आमच्या कंपनीत ट्रेनिंग ठेवलं ते नेमकं चौकशीच्या खोलीत. चार्जशीट मिळालेला कामगार त्या लांब टेबलाच्या एका टोकाला बसायचा आणि दुसऱ्या टोकाला साहेब नि वकील. तिथं बोललेला शब्द कागदावर उतरायचा आणि पुढं तोच आपल्या अंगावर यायचा. म्हणून नव्वदचं दशक संपता संपता एक दिवस सुपरवायझर म्हणाला, "प्लेटिंगवाले सगळे जेवणानंतर त्या खोलीत," तेव्हा आमच्यातल्या एकानं तर डबाच उघडला नाही.

मी प्लेटिंगला होतो. लोखंडी भागांवर क्रोमचा मुलामा चढवायचा, हे आमचं काम. टाक्यांच्या तळाशी विषारी गाळ बसतो, तो उपसून पिंपांत भरायचा. पिंपं कुठंही पडलेली असायची. कंपनीसाठी आमचा अर्धा मळा गेला, त्याच्या बदल्यात मला ही नोकरी लागली. उरलेल्या अर्ध्यात, कंपनीच्या मागच्या भिंतीला लागूनच, धाकटा भाऊ कोथिंबीर-मेथी करायचा. त्याची विहीर भिंतीपासून हाकेवरसुद्धा नव्हती, अगदी खोकल्यावर होती.

ट्रेनिंगला पुण्याची एक बाई आली होती. सुती साडी, पायात साध्या चपला. मला तीच गोष्ट खटकली. पैसेवाली माणसं साधी राहायला लागली की मी खिसा चाचपतो.

"कंपनी पाणी कुठं सोडते, गाळ कुठं ठेवते, यात यापुढं तुमचंही मत घेतलं जाईल," बाई म्हणाली. "तुम्ही रोज तिथं उभे असता. तुम्हाला दिसतं ते आम्हाला दिसत नाही."

मी शेजाऱ्याच्या कानात म्हणालो, "वीस वर्षं मत विचारलं नाय. आता गाळाचं विचारतात. उद्या गाळ सांडला तर म्हणतील, तुमच्याच मतानं ठेवला होता."

बाईनं कंपनीचा मोठा नकाशा भिंतीला लावला आणि प्रत्येकाला एकेक लाल टिकली दिली. बायका कपाळाला लावतात तसलीच, चिकटणारी. "जिथं जमिनीला, पाण्याला, हवेला त्रास होतोय असं वाटतं तिथं लावा. नाव लिहायचं नाही. आधी चहा घेऊ, मग लावू."

चहाला आम्ही संडासामागं जमलो.

"काका, काय करायचं?" एकानं मला विचारलं. वयानं मीच मोठा होतो.

"नाव नाय म्हणती, पण दाराला काच हाय. कोण कुठं लावतो ते साहेबाला दिसणारच. जो बोट दाखवील, त्याचंच बोट धरतील."

"मग लावायचीच नाय?"

"लावायची. सगळ्यांनी एकाच जागी. कँटीनचा नळ गळतो ना, त्याच्यावर. नळाला कोण चार्जशीट देतंय?"

आम्ही आत गेलो आणि ओळीनं सगळ्या टिकल्या त्या नळावर चिकटवल्या. शेवटच्याला तर जागाच उरली नाही, त्यानं दुसऱ्याच्या टिकलीवर आपली डकवली. नकाशावर कँटीनला गोवर उठल्यासारखं दिसत होतं. ते बघून बाईलाच हसू आलं.

"प्लेटिंगमध्ये काहीच त्रास नाही?"

आम्ही सगळे टेबलाकडं बघत बसलो. चौकशीत कसं बसायचं ते आम्हाला युनियननं चांगलं शिकवलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. या वेळी साहेबही आत बसले होते. परदेशी गिऱ्हाईक कंपनी बघायला येणार होतं, त्याच्या आत इकडंतिकडं पडलेली गाळाची पिंपं एका जागी न्यायची होती. साहेबांनी नकाशावर पेन टेकवलं. "मागच्या भिंतीलगतची जागा मोकळी आहे. आणि हे बघा, कामगारांनी तिथं एकही टिकली लावलेली नाही. म्हणजे कुणाची हरकत नाही."

आमचं गप्प बसणं त्यांनी उचलून त्यावर आमचीच सही मारून घेतली होती. मला तर वाटलं, बाईला हेच हवं होतं. पण तिच्याकडं पाहिलं तर तीही पेनाकडं टक लावून बघत होती, आणि तिचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. आता हे नाटक की खरं, ते मला आजही सांगता येत नाही.

मी उठलो. "बाई, एक टिकली द्या."

"काका, तुमची लावून झाली आहे," साहेब म्हणाले.

"ती नळाची होती. ही माझी."

बाईनं अख्खी डबी पुढं केली. मी भिंतीजवळ टिकली दाबून बसवली. "इथं कच्ची जमीन हाय. पिंपं गंजतात, पावसात पाझरतात. भिंतीपलीकडं विहीर हाय."

"तिकडं तुमच्या भावाची शेती आहे ना?" साहेबांनी शांतपणे विचारलं. मला ज्याची भीती होती, तेच.

"हाय ना. सख्खा भाऊ हाय. लिहून घ्या."

मागं वळून पाहिलं. माझ्याच शिकवणीनं सगळे टेबलाकडं बघत बसले होते. एकही उठला नाही.

बाई म्हणाली, "मग कुठं ठेवायची, तेही सांगा."

हे मी ठरवून आलो नव्हतो. रागात तोंडातून गेलं, "साहेब लोकांच्या गाड्यांच्या शेडमध्ये. खाली सिमेंट हाय, वर पत्रा हाय. गाडी पावसात भिजली तर धुता येती. विहीर नाय येत."

खोलीत कुणीतरी फसकन हसलं. साहेबांनी बाईकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. अर्धी शेड घेऊ. जाळी मारा. आणि काका, या पाण्या-गाळाच्या कमिटीत तुमचं नाव घालतो."

इतक्या लवकर? हातमोजे मागायला आम्हाला गेटवर बसावं लागलं होतं! यात काहीतरी डाव असणार, असं वाटलं. संध्याकाळी मळ्यात गेलो तर भाऊ जुड्या बांधत होता. सगळं ऐकून म्हणाला, "दादा, विहीर वाचली, मग तोंड का पाडलंस?"

"साहेब भांडला नाय रे."

"तुला भांडण नाय मिळालं म्हणून रडतोस होय?"

पिंपं शेडमध्ये गेली. पण कमिटीत नाव गेलं त्या दिवसापासून संडासामागच्या घोळक्यात मी पोचलो की बोलणं थांबायचं. "या कमिटीसाहेब, चहा घ्या," म्हणत पेला पुढं करायचे आणि विषय पावसाचा काढायचे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, म्हणून त्यांना एका शब्दानं बोललो नाही.

कमिटीच्या पहिल्या बैठकीत मी एकच गोष्ट मागितली, शेडच्या कुलपाची दुसरी किल्ली.

साहेब म्हणाले, "काका, विश्वास नाही का?"

"नाय."

त्यांनी खणातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी खोलीतून उठून थेट शेडकडं गेलो आणि किल्ली कुलपाला लावून बघितली. लागली. कुलूप उघडलं, पिंपं जिथल्या तिथं होती. पुन्हा लावलं आणि दोनदा ओढून बघितलं.