पाऊण इंचाचा कल

शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी क्लाइव्ह ऑलरेनशॉ गाडीखाली आडवा होता आणि पट्टीवरचा आकडा मोठ्याने वाचत होता. मागचा भाग उजवीकडे पाऊण इंच खाली. बुधवारी नवे कमानपाटे बसवल्यापासून त्याने हा आकडा चार वेळा वाचला होता. तो एकदाही बदलला नव्हता.

गाडी १९६६ची, दोन आसनांची, उघड्या टपाची. मालकीण हिलरी स्प्रॅग, वय शहात्तर. रविवारी टेकडी चढण्याची शर्यत होती. एकेक गाडी सोडायची आणि तिची वेळ मोजायची. दोन वर्षांपूर्वी तपासनिसाने हिलरींच्या गाडीचं मागचं चाक हाताने हलवून पाहिलं आणि गाडी फाटकातूनच परत पाठवली. ते चाक क्लाइव्हनेच बसवलं होतं. यादीत पुन्हा नाव लागायला एवढा काळ गेला होता. तपासणी उद्या सकाळी होती आणि एका अंगावर झुकलेली गाडी तपासनीस आत सोडणार नव्हता.

"मिस, तुम्ही घरी जा. झालं की फोन करतो," क्लाइव्ह गाडीखालून म्हणाला.

"नववीतही प्रयोग फसला की तू मला दुसरीकडे बघायला लावायचास," हिलरी शब्दकोड्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

क्लाइव्ह आता सत्तावन्नचा आहे. शाळेत हिलरी त्याला रसायनशास्त्र शिकवायच्या. तो त्यांना अजून मिसच म्हणतो. सोळाव्या वर्षी तो मोटारींच्या कारखान्यात लागला आणि एकोणीस वर्षं मागचे ॲक्सल जोडत राहिला. कारखाना बंद पडल्यावर त्याने इंग्लंडातल्या रेडिच गावी स्टेशनामागे हा गाळा घेतला. डावा खांदा आखडलाय, तो हात आता कानाच्या वर जात नाही.

शेजारच्या गाळ्यात गाड्यांच्या गाद्या शिवणारा बाल सहोता चहाचे तीन मग घेऊन आला.

"अजून लंगडतेय?"

"दिसतंय ना तुला."

"पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश चाकं लोंबकळत असताना आवळलेस का? मग गाडी वाकडीच बसते."

"बाल, मी हे काम तुझ्या लग्नाआधीपासून करतोय. सीटवर वाळूच्या गोण्या ठेवून, चाकं जमिनीवर टेकवून आवळलेत. दोनदा. सांगाडाही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरीने मोजला. सरळ आहे."

"मग पाटे इकडचे तिकडे करून बघ की."

"डोकं फिरलंय का तुझं? शिक्का मारलेला आहे त्यांच्यावर!"

इथले मेकॅनिक गाडीला डावी-उजवी बाजू म्हणत नाहीत. डावीला फुटपाथाकडची आणि उजवीला रस्त्याकडची म्हणतात. पाट्यांवर तसेच शिक्के होते आणि क्लाइव्हने ते तसेच बसवले होते. शिक्क्याविरुद्ध काही बसवणं त्याला कारखान्यात कोणी शिकवलं नव्हतं.

"या वर्षी हुकलं तर पुढच्या वेळी मी अठ्ठ्याहत्तरची असेन आणि तू साठीला टेकलेला," हिलरी म्हणाल्या. "दोघांपैकी गाडीखाली कोण झोपणार, ते आत्ताच ठरवू या."

क्लाइव्ह बाहेर आला, पाना बाकावर आपटला आणि पाटे बनवणाऱ्याला फोन लावला. पहिलं मिनिट तो एकटाच बोलत होता. पलीकडच्या माणसाने शांतपणे गाडीच्या सांगाड्यावरचा नंबर विचारला. क्लाइव्हने वाचून दाखवला.

"शेवटी एल आहे," तो माणूस म्हणाला. "म्हणजे डावीकडे स्टिअरिंग. अमेरिकेसाठी बनलेली गाडी. त्या वेळी चालकाचं वजन पेलायला त्याच्या बाजूचा पाटा जास्त ताठ करायचे. म्हणून फुटपाथाकडचा ताठ केलाय. स्टिअरिंग अजून तिकडेच आहे ना?"

क्लाइव्हने गाडीकडे पाहिलं. स्टिअरिंग उजवीकडे होतं. गाडी इंग्लंडात परतल्यावर, १९९८च्या हिवाळ्यात, ते त्यानेच डावीकडून उजवीकडे आणलं होतं. पाटे मागवताना त्याने नंबर सांगितला होता. स्टिअरिंग हलवल्याचं सांगितलं नव्हतं.

"तुमचं काम बरोबर आहे," क्लाइव्ह म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

"मिस, चूक माझी आहे."

"कुठली?"

त्याने सांगितलं. बाल भिंतीकडे तोंड करून हसला. हिलरी हसल्या नाहीत.

"हातातून देण्याआधी उत्तरपत्रिका पुन्हा वाच, असं मी तुला किती वेळा सांगितलं होतं?"

"दर शुक्रवारी, मिस."

दोन्ही पाटे उतरवून अदलाबदल करायला तीन वाजता सुरुवात झाली. डावीकडची पुढची पिन नव्या बुशात अडकून बसली. तिच्यावरच एक तास दहा मिनिटं गेली. क्लाइव्हने दोनदा हातोडा फेकला आणि दोनदा स्वतःच उचलून आणला. खांद्यामुळे वरच्या नटांपर्यंत हात पोचेना, तेव्हा ते बालने लावले. शेवटचं आवळणं वाळूच्या गोण्यांवर करायला क्लाइव्ह तयार नव्हता. हिलरी हेल्मेट घालून चालकाच्या सीटवर बसल्या आणि त्याचं होईपर्यंत हलल्या नाहीत.

सात वाजून वीस मिनिटांनी त्याने पट्टी लावली.

"एक अष्टमांश इंच."

"तो कुठून आला?"

"तुमच्या हँडबॅगेतून, मिस. शेजारच्या सीटवर ठेवा."

बॅग हलवून काही फरक पडला नाही. तेवढा कल तपासनीस मान्य करतो.

नवे नट पन्नास मैल चालल्यावर पुन्हा आवळावे लागतात. टेकडी एकेचाळीस मैलांवर आहे. तपासणीचं फाटक उद्या सकाळी सव्वासातला उघडतं आणि पावणेनऊला बंद होतं. क्लाइव्हचा गाळा शनिवारी साडेआठला उघडतो. या शनिवारी तो उघडणार नाही; क्लाइव्ह पाना घेऊन हिलरींच्या शेजारच्या सीटवर असेल.