काळ्या स्वेटरचा रास्ता रोको

आमच्या ओरुरो शहरात रस्ता अडवणं ही काही बातमी नव्हे. शिक्षक अडवतात, ट्रकवाले अडवतात, पेन्शनवाले म्हातारे घरून खुर्च्या आणून अडवतात, आणि ज्यांची काहीच मागणी नसते ते बघायला येऊन आपोआप अडवतात. पण दगड नाहीत, टायर नाहीत, घोषणा नाहीत, नुसत्या एका काळ्या स्वेटरवर बापाचं लग्न अडवून धरणारी आमच्या गल्लीत एकच झाली. न्येवेस कोल्के, वय वर्षं सोळा.

तिची आई ओर्तेन्सिया जाऊन वर्ष झालं होतं. वर्षाची प्रार्थना झाली की दुखवट्याचे काळे कपडे उतरवायचे, हा आमच्याकडचा रिवाज. ते आपले आपण उतरवायचे नसतात. घराबाहेरचा कुणी मानाचा माणूस, म्हणजे पाद्रिनो, ते उतरवतो, रंगीत कपडे चढवतो, डोक्यावर रंगीत कागदाचे कपटे उधळतो. मग बँड वाजतो आणि सकाळी रडलेली माणसं दुपारी नाचतात. घरात एकाच्याही अंगावर काळं असेपर्यंत त्या घरात लग्न नाही. पाद्रिनो म्हणून माझी नेमणूक झाली होती. मी शेजारी, आवाज मोठा, आणि बिअर माझ्या खर्चाने. एवढी पात्रता रगड होती.

न्येवेसच्या बापाचा, रेम्बेर्तोचा, कोट मी नुसता कॉलरला धरला, तर तो गडी सोललेल्या केळ्यासारखा बाहेर आला. घाई साहजिक होती. बाजारात लोकर रंगवून विकणाऱ्या सेनोबियाबाईंशी त्याचं लग्न ठरलं होतं. बाई विधवा, कष्टाळू आणि मितभाषी. यातला तिसरा दोष गल्लीने तिला कधीच माफ केला नाही.

मग मी पोरीकडे वळलो.

"हात वर कर, न्येवेस."

"का? मी काय चोरी केलीय?"

"स्वेटर काढायचाय ना!"

"मला थंडी वाजतेय, पाद्रिनो."

आमच्या पठारावर या कारणाला उत्तर नाही. बँडवाले वाजवत राहिले, त्यांना कुणी थांबा म्हटलंच नाही. मी हातातले कपटे स्वतःच्याच डोक्यावर टाकून घेतले.

त्या दिवसापासून न्येवेस शाळेत काळ्यात, बाजारात काळ्यात, फुटबॉलच्या मैदानावरही काळ्यात. रेम्बेर्तोने रागावून पाहिलं, पाद्रींना मध्ये घातलं, नव्या फोनचं आमिष दाखवलं.

"तुम्ही करा की लग्न, बाबा. मी कुठं अडवलंय?"

"तू काळं घालून बसल्यावर कसं करू?"

"मग नका करू."

आमच्या सरकारच्या वाटाघाटी याहून लांब चालतात, पण इतक्या स्वच्छ होत नाहीत.

मात्र आमच्याकडचं ऊन कुणाच्या दुःखाची भीड ठेवत नाही. अंत्यविधीच्या गडबडीत घेतलेला तो स्वस्तातला स्वेटर विटू लागला. खांदे तांबूस झाले, कोपरं उंदराच्या रंगाची. रेम्बेर्तो रोज सकाळी त्याच्याकडे असा पाही, जसा शेतकरी आभाळाकडे. समोरची दुकानवाली म्हणाली, "थोडं थांबा. तो आपोआपच रंगीत होतोय. पाद्रिनोला कशाला त्रास?"

हे न्येवेसलाही दिसत होतं. ती रस्त्याच्या सावलीच्या बाजूने चालू लागली. एकदा माझ्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आईचा आवाज मला आता नीट आठवत नाही, पाद्रिनो. हासुद्धा गेला तर काय राहील?" एरवी माझ्या तोंडाला कुलूप नसतं. त्या दिवशी मी तिला नुसती गरम मक्याची आपी करून पाजली.

आणि मग एका सकाळी दोरीवर वाळत घातलेला तो स्वेटर कोळशासारखा काळाकुट्ट झालेला सापडला. नवा होता तेव्हाही इतका काळा नव्हता. रेम्बेर्तो मटकन खाली बसला. संशय माझ्यावर आला, कारण गल्लीत काहीही झालं की तो आधी माझ्याकडे येऊन मग पुढे जातो.

रविवारी सेनोबियाबाई जेवायला आल्या. मीही होतो, रविवारचं सूप असतं तिथे मी असतोच. बाई लोकरीचे हातमोजे घालून सूप पीत होत्या.

"ते मोजे काढ की," रेम्बेर्तो म्हणाला. "सूप पितेस का ऑपरेशन करतेस?"

बाईंनी मोजे काढले. मनगटापर्यंत हात काळे.

"तू? अगं, आपलंच लग्न अडवायला तूच दगड आणून दिलेस?"

"विटला होता," बाई म्हणाल्या. "तिला ठेवायचाय, तर नीट काळा असावा."

न्येवेस त्या हातांकडे बघत राहिली आणि तिची वाटी कलंडली. गरम सूप थेट छातीवर. तिने स्वेटर वर ओढला. पण रंगवताना उकळून तो आटला होता. डोकं आत, हात वर, आणि आतून आरडाओरडा, "काढा ना कुणीतरी!"

"पाद्रिनो, मान तुझा," रेम्बेर्तो म्हणाला.

"छे छे, तू बाप आहेस," मी म्हणालो.

आमचा हा विचारविनिमय चालू असताना सेनोबियाबाईंनी एका हिसड्यात स्वेटर काढला. पोरगी भाजली नव्हती, फक्त केस उभे राहिले होते.

"उतरलं!" रेम्बेर्तो ओरडला. "दुखवटा उतरला! पाद्रिनो साक्षीला आहे!"

"हे धरायचं नाही," न्येवेस म्हणाली. "हा अपघात होता."

"बरोबर आहे, नाही धरायचं," बाई म्हणाल्या, आणि स्वेटर धुऊन, पिळून चुलीजवळ पसरायला लागल्या. "वाळला की घाल. बाह्या मी लांब करून देईन."

रेम्बेर्तोचा चेहरा बघवत नव्हता. न्येवेसने चुलीजवळ जाऊन स्वेटरच्या ओल्या बाह्या सरळ केल्या.

"पुढच्या रविवारी बँड बोलवा," ती शेवटी म्हणाली. "पण उतरवतील ह्या. पाद्रिनोंना काढता येत नाही."

"असं कसं?" मी मानासाठी भांडलो. "माणूस घराबाहेरचा लागतो!"

"अजून बाहेरच्याच आहेत ना?" न्येवेस म्हणाली. "आणि मी नाचणार नाही."

"मलाही येत नाही," बाई म्हणाल्या.

त्या रविवारी बाईंनी विचारलं, "काढू?" न्येवेसने डोळे मिटून हात वर केले आणि म्हणाली, "सावकाश." त्यांनी खरंच फार सावकाश काढला. मग बँड सुरू झाला. दोघी भिंतीशी एका बाकावर बसल्या, मध्ये घडी केलेला स्वेटर. एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी आणि रेम्बेर्तो किती वाईट नाचतो ते मात्र अगदी एकमताने बघत होत्या.