उजव्या नाकपुडीतली नथ

आमचा पद्मादादा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा इंजिनियर, मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून भांडणारा. तोंडात सतत ‘गेनाऊ’, म्हणजे अगदी बिनचूक. माझा सख्खा भाऊ, तरी सांगते, माणूस महाहट्टी.

शोभनावहिनीला नटायची हौस. सकाळी आरशासमोर पंधरा मिनिटं लागायचीच. एकदा म्युझियममध्ये दादाला पाचशे वर्षांपूर्वीचं एक छापचित्र दिसलं. आरशात रमलेली बाई, आणि तिच्या पाठीशी वाळूचं घड्याळ धरलेला हाडांचा सापळा. रूपाचा गर्व कशाला करतेस, मरण मागेच उभं आहे, असा त्याचा उपदेश. दादा सगळ्यांदेखत म्हणाला, “शोभना, हे बघ तुझं चित्र.” आम्ही हसलो. मीही हसले मेली. त्या दिवसापासून दादा घरात असला की वहिनी टिकली अंदाजानं लावायची.

मग तिला कॅन्सर झाला, केस गेले. दादा तेव्हा रिटायर होऊन तांब्याच्या पत्र्यावर जुन्या पद्धतीनं चित्रं कोरून त्यांचे कागदावर छाप काढायला शिकत होता. वहिनी त्याला म्हणाली, “अहो, माझं एक कोरा ना. नथ घातलेलं. मागे तो सापळा नको.”

लग्नातला फोटो समोर ठेवून दादानं तीन महिने कोरलं, रेघ न् रेघ फोटोबरहुकूम. तिथंच माती खाल्ली. पत्र्यावरचं कागदावर उलटं उमटतं. पहिला छाप निघाला तर नथ उजव्या नाकपुडीत, पदर उजव्या खांद्यावर. आपल्यात असा पदर कोण घेतं? दादानं तो कागद कपाटात कोंबला आणि नवा पत्रा आणला.

वहिनी तोवर हॉस्पिसमध्ये, शेवटच्या दिवसांच्या शुश्रूषेला, होती. झालं का, म्हणून तिनं तीनदा विचारलं. मी म्हटलं, अरे, आहे तसं दाखव तिला. चुकलेलं दाखवणार नाही, म्हणाला. नवा पत्रा अर्धा झाला आणि ती गेली.

दिवस झाल्यावर कपाट आवरताना तो कागद मला सापडला. मी दादाला एवढंच विचारलं, “आरशात तिला स्वतःची नथ कुठल्या बाजूला दिसायची रे?”

तो लग्नातला फोटो घेऊन बाथरूममधल्या आरशासमोर गेला. आरशात दिसलं ते हुबेहूब त्या कागदावरचं चित्र.

“तिला ओळखू आलं असतं गं,” म्हणाला, आणि फरशीवर बसून लहान मुलासारखा रडला. मी काही त्याची समजूत घातली नाही. मला त्याचा राग आला होता, आणि माझंही रडू थांबत नव्हतं.