हरलेल्याच्या जखमेवर हळद

हरलेल्या माणसावर माझ्या साडूएवढं प्रेम करणारा अख्ख्या नागपुरात सापडणार नाही. कुस्तीत हा पडलेल्याच्याच अंगावरची माती पुसणार, निवडणुकीत डिपॉझिट गेलेल्याच्या घरी हार घेऊन जाणार. एकानं थट्टा समजून फाटकाबाहेर काढलं, तर फाटकालाच हार घालून आला. शाळेत चित्रकला शिकवायचा, तेव्हाही शर्यतीत शेवटी आलेल्याचंच चित्र काढायचा.

मी चौथी शिकलेलो. ग्रीस कुठं, रोम कुठं, हे त्यानंच जाड पुस्तकातले फोटो दाखवून सांगितलं. ग्रीक राजांनी शत्रूला हरवलं अन् त्या पडलेल्या शत्रूचेच काशाचे पुतळे केले. ते पुतळे गेले, रोमवाल्यांनी संगमरवरात केलेल्या नकला तेवढ्या उरल्या. "जिंकणाऱ्याले कोणी पुसत नाही गा. हा पाहा, मरून राहिला, पण कसा बसला हाय," असं भर जेवणात म्हणायचा अन् वरणाचं बोट फोटोवर टेकवायचा.

मग त्यानं नकलेची नक्कल केली. कागदाचा लगदा, वर प्लास्टर. ढालीवर बसलेला, एक हात जमिनीला टेकलेला, मान खाली, बरगडीत जखम. आमची ही पाहायला गेली. म्हणाली, "भाऊजी, जखम उघडी काहून ठेवली?" अन् आतून हळद आणून, तेलात कालवून, बोटानं जखमेत भरली. मला वाटलं, आता हा चिडणार. तो म्हणाला, रोमवाल्यांना हे सुचलं नाही.

उन्हाळ्यात ही गेली. मी उंबरा ओलांडणं सोडलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीबरोबर बडगे निघतात. साऱ्या गावाची पीडा त्या पुतळ्यांवर घालायची अन् जाळून टाकायचं. साडूच्या ओसरीतला पुतळा पाहून गल्लीवाल्यांना वाटलं, मास्तरांनी यंदा बडग्या केला. उचलून हातगाडीवर घातला. साडू धापा टाकत माझ्या दारात आला.

"साडूभाऊ, नेला गा. हळदीसकट."

मी चप्पल न घालता पळालो. साडू ढोलवाल्यांना ग्रीक राजे समजावत बसला. मी सरळ गाडीवर चढलो.

"हा बडग्या नाही. आमच्या घरचा जखमी माणूस हाय. उतरवा त्याले."

उतरवताना टेकलेला हात मोडला. साडूनं तो माझ्या ओसरीत जोडला, सगळ्या अंगाला नवा पांढरा रंग दिला, जखमेभोवती मात्र ब्रश नेला नाही. पुतळा माझ्याकडेच ठेवून गेला.

हळद आता फिकी पडत चालली आहे. साडू रोज संध्याकाळी येतो, पुतळ्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो, अन् चहा मागतो. हिच्यासारखा चहा मला काही जमत नाही. तरी तो दोन कप पितो.